डब्यातली कावीळ

कावीळ झाली की डॉक्टरांकडे जाऊन उपयोग नाही, तिच्यावर त्यांच्याकडे औषधच नाही, हा समज नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत सारखाच पक्का आहे. कुणी काविळीची माळ घालतं. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ लांबत जाते आणि माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली असं धरतात. कुणी कडू दोडक्याच्या पाण्याचे थेंब नाकात सोडतं. त्या जहाल रसाने नाकाचं आतलं अस्तर सोलवटून निघतं, पिवळं पाणी वाहू लागतं आणि बघणाऱ्यांना वाटतं, कावीळच बाहेर पडली. या उपायांची पत अजून टिकून आहे, त्याला कारणही आहे. आपल्याकडची साथीची कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते आणि ती बहुतेकांना काही आठवड्यांत आपसूक सोडून जाते. (गरोदर बाईला ‘ई’ झाला तर मात्र जिवावर बेततं. तिथे माळेच्या नादी लागणं हा गुन्हाच म्हणायचा.) शरीर स्वतःच बरं होतं, श्रेय माळेला मिळतं.

या जुन्या हिशेबात आता वेगळ्याच काविळीची भर पडली आहे. तिचं मूळ पाण्यात नसतं, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या वजन कमी करायच्या डब्यात असतं.

हा डबा औषधाच्या दुकानातूनच येतो असं नाही. तो जिममधल्या ट्रेनरकडून येतो, ब्यूटी पार्लरमधून येतो, भिशीतल्या मैत्रिणीकडून, नणंदेकडून, शाळेतल्या सहकारी बाईंकडून येतो. लग्नसराईच्या आधी त्याला जोर चढतो. डब्यावर पुढच्या बाजूला हिरवं पान, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘साइड इफेक्ट नाही’. मागे बारीक अक्षरांत पंधरा-वीस वनस्पतींची नावं आणि चौदा आकडी अन्न परवाना. त्यातल्या कुठल्या वनस्पतीचा अर्क किती तीव्र केला आहे, हे त्यावरून सहसा कळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत मळमळू लागलं, भूक मेली, लघवी गडद झाली, तर विकणारी व्यक्ती धीर देते की ताई, घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडतेय. नाकातून वाहणाऱ्या पिवळ्या पाण्याचा अर्थ आपण ज्या पद्धतीने लावत आलो, त्याच पद्धतीने. शरीर धोक्याची सूचना देतं आणि तीच गुण आल्याची खूण म्हणून वाचली जाते. डोळे पिवळे झाले की घरचे पाण्याला दोष देतात, काविळीचं झाडपाल्याचं औषध आणतात आणि पावडरही चालू ठेवतात, कारण ती तर ‘आयुर्वेदिक’! सुजलेल्या यकृतावर असा दुहेरी मारा होतो.

वनस्पतीने यकृताला इजा होते हे सांगितलं की आपल्याकडे लोक दुखावतात. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. कोरोनाच्या भीतीने सगळे गुळवेलीचा काढा वा गोळ्या घेत होते. त्यातल्या एका महिलेचा मृत्यू झाला. हा अहवाल २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’त आल्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असेल, हा मंत्रालयाचा मुख्य आक्षेप. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. मंत्रालयाचा आक्षेप घटकाभर मान्य करू. बांधावरच्या कडुनिंबावर चढलेला वेल गुळवेलीचाच आहे की तिच्या जातभाईचा, हे तज्ज्ञालाही तपासावं लागत असेल, तर डब्यातल्या हिरवट भुकटीवरून ते घरातल्या माणसाने कसं ओळखायचं? हा आक्षेप वनस्पतीला सोडवतो, डब्याला नाही.

बेलाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हवाई बेटांवर धडधाकट माणसं एकामागून एक तीव्र हिपॅटायटिसने रुग्णालयात येऊ लागली. बहुतेकांनी ‘ऑक्सीएलिट प्रो’ नावाचं वजन उतरवण्याचं उत्पादन घेतलं होतं. त्यात एजेलिन होतं. हे द्रव्य मुळात बेलाच्या पानांत सापडतं, उत्पादनात मात्र ते कारखान्यात बनवलेलं होतं. तपासाअंती देशभरात ९७ रुग्ण मोजले गेले. ४७ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, तिघांचं यकृत बदलावं लागलं, एक दगावला. श्रावणात आपण पिंडीवर वाहतो त्या पानाचा यात काय दोष? पण ‘बेलातलं आहे’ म्हणून निर्धास्त होणाऱ्याला या गोष्टीने थांबवायला हवं. आमसुलाच्या सारात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि त्याने कुणाला कावीळ झाल्याचं ऐकिवात नाही. त्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाचा अर्क गोळीत भरून रोज घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र वैद्यकीय साहित्यात आहेत. कपातला ग्रीन टी निराळा आणि त्याचा अर्क निराळा. त्यातलं एक द्रव्य अर्काच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक गेलं तर यकृताची विकरं वाढू शकतात, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये काढला. पदार्थ ओळखीचा आहे, एवढ्यावरून मात्रा ओळखीची ठरत नाही.

‘माझी जाऊ दोन वर्षं घेतेय, तिला कुठे काय झालं?’ हा घरोघरचा युक्तिवाद. आतड्यातून शोषलेलं जवळजवळ सगळं रक्तवाटे आधी यकृतात जातं. तिथली विकरं त्याची मोडतोड करतात आणि त्या मोडतोडीत कधी मूळ द्रव्यापेक्षा घातक तुकडे तयार होतात. ते निस्तरण्याची ताकद माणसागणिक वेगळी. काहींच्या बाबतीत शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या यकृतावर उलटते. अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात ग्रीन टी अर्काने आणि हळदीच्या गोळ्यांनी इजा झालेल्यांमध्ये एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार अपेक्षेपेक्षा बराच जास्त आढळला. तो आपल्यात आहे की नाही हे डबा उघडताना कुणाला ठाऊक असतं? त्यात हा डबा घेणाऱ्यांचं वजन मुळात वाढलेलं, म्हणजे पुष्कळांच्या यकृतात चरबी आधीच साठलेली. जावेचं यकृत वेगळं आणि आपलं वेगळं.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की ॲलोपॅथीची औषधं काय कमी यकृत बिघडवतात? बरोबर आहे, जास्तच बिघडवतात. २०१३ ते २०१८ या काळात भारतातल्या १६ केंद्रांनी औषधांमुळे यकृताला इजा झालेले १,२८८ रुग्ण नोंदवले. त्यांत क्षयाच्या औषधांचा वाटा ४६ टक्के होता, पर्यायी व वनौषधींचा सुमारे १४ टक्के. पण क्षयाची गोळी सुरू करताना डॉक्टरला हा धोका माहीत असतो. डोळे पिवळे दिसले, उलट्या सुरू झाल्या तर ताबडतोब या असं सांगितलेलं असतं. रक्तात एसजीपीटी हे यकृताचं विकर फार वाढलं की गोळ्या थांबवतात. तिथे धोका पत्करलेला आहे, कारण न पत्करल्यास क्षय जीव घेतो, आणि त्यावर कुणाची तरी नजर आहे. डब्याच्या बाबतीत नजर ठेवायला कोण आहे? भिशीतली मैत्रीण? ती तर स्वतःही तेच घेते आहे, आणि तिच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट आहे. काही बिघडलं तरी नात्यातला व्यवहार म्हणून कुणी तोंड उघडत नाही, तक्रार करणं तर दूरच.

हे आयुर्वेदाच्या विरोधात आहे असं वाटणाऱ्यांनी नगरचाच इतिहास आठवावा. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे याच शहरातले. त्यांच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय इथे १९१७ पासून आहे. एकेका कल्पाचा गुणधर्म कुठल्या अवस्थेत कसा दिसतो, हे उलगडणारे ‘औषधीगुणधर्मशास्त्रा’चे खंड त्यांनी लिहिले. ज्या परंपरेला अवस्था पाहिल्याशिवाय औषध सुचत नाही, ती प्रकृती न पाहता सगळ्या गावाला एकच चमचा कसा देईल? चरकाने स्थौल्यावर गुळवेल सांगितली आहे, हे खरं. त्याच अध्यायात व्यायाम आणि जागरण क्रमाक्रमाने वाढवायला सांगितलं आहे. महिन्यात दहा किलोंची हमी चरकाने कुठे दिली आहे, ते मला कुणी दाखवावं. आणि न समजलेलं औषध विषासारखं, शस्त्रासारखं, हे बजावणाराही चरकच आहे.

कायदा काय करतो? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या परिशिष्टात ज्या ५४ विकारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांत स्थूलपणा आहे. सत्तर वर्षं झाली. जाहिरातदार ‘लठ्ठपणा बरा करतो’ म्हणत नाहीत, ‘वजन व्यवस्थापन’ म्हणतात. वस्तू अन्न म्हणून नोंदवली तर डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ते इंग्रजीत, बारीक छापतात आणि औषधाचा दावा तोंडी करतात. तोंडी दाव्यावर धाड कशी घालणार?

तोवर दवाखान्यातल्या प्रश्नाने थोडंफार साधेल. ‘कुठलं औषध चालू आहे का?’ असं विचारलं की रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. पावडर हे त्याच्या लेखी औषध नसतंच. सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं, असं विचारावं लागतं. लोणीच्या आणि विळद घाटातल्या मोठ्या रुग्णालयांत, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हा प्रश्न कावीळ झालेल्या प्रत्येकाला विचारला गेला, तर निदान किती जण डब्यामुळे आले ते कळेल. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कुणालाही करता येते, त्यासाठी डॉक्टरच असायला हवं असं नाही. मात्र डबा बरोबर आणायला हवा, बॅच क्रमांकासकट. तो घरी राहिला तर केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ एवढंच पडतं, रुग्णाची पुढची धावपळ काय ती पुण्यात होते, आणि त्याच बॅचचा दुसरा डबा शेजारच्या गल्लीत खपत राहतो.