चादरीचं दुसरं टोक

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत, आमच्या घरी २०११ साली घेतलेलं वॉशिंग मशीन आहे. दोन टबांचं, सेमी ऑटोमॅटिक. धुण्याचा टब अजून ठणठणीत. ड्रायर मात्र दिवाळीपासून बंद. बटण फिरवलं की नुसता घुमतो, फिरत नाही. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा मेकॅनिक आला. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि रबरी सीलमधून पाणी झिरपून गंजलेली मोटार दाखवली. मोटार, कपॅसिटर, सील मिळून २२०० रुपये. सामान परभणीहून आणावं लागेल. नवं मशीन साडेबारा हजारांचं.

"दुरुस्तच करू," मी म्हणालो. "चालती वस्तू टाकवत नाही."

"दिवाळीलाबी हेच म्हणलास," आई म्हणाली.

"पण टाकून ते जाणार कुठं? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; जुन्या यंत्राची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलीय. आपल्या दारात मात्र भंगारवालाच येतो. तो मोटारीतलं तांबं काढून घेईल, बाकीचं कुठंतरी फेकेल."

"टब मी देतच न्हाई. म्हशीची सरकी भिजवायला होईल."

"मोटार बदलली, पुढच्या वर्षी टायमर, मग पट्टा. सगळंच बदललं, तरी मशीन तेच म्हणायचं का, हाही प्रश्न आहेच. मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनांनी हेच विचारलं होतं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक सुटा भाग म्हणजे रथ नव्हे. सगळे जुळून आले की आपण त्याला रथ म्हणतो."

आईनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "आन् रथ वढणाऱ्याला कुणी काई इचारलं का?"

मला उत्तर सुचलं नाही. 'चालती वस्तू' मी कशाच्या जोरावर म्हणालो? ती चालत होती, कारण अडीच महिने ड्रायरच्या जागी आईचं मनगट होतं. दुरुस्तीचा हिशेब मी २२०० रुपयांत मांडला होता, त्यात हे मनगट कुठंच नव्हतं. मी पुण्यात बसून काटकसर करत होतो आणि त्या काटकसरीची किंमत झरीत मोजली जात होती.

"मग नवंच घेऊ. फुल ऑटोमॅटिक. तुला हातच लावायला नको."

"त्याला नळाची धार सारखी लागती. आपल्या बोअरला उन्हाळ्यात कुठं दम ऱ्हातो? ह्याच्यात बादलीनं भरता येतं. साबणाच्या एकाच पाण्यात तीन घाणे निघतात. आधी पांढरे, मंग साड्या, शेवटी रानातले."

रानातले म्हणजे काळ्या मातीनं माखलेले, हरभऱ्याची आंब लागलेले सदरे. त्या तीन घाण्यांचा क्रम कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत नसेल. टबाच्या कडेला बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला होता. नखानं खरवडला तरी निघेना. तेरा-चौदा वर्षं हे यंत्र या पाण्याला, या मातीला आणि आईच्या पद्धतीला सरावलं होतं. म्हणजे दुरुस्तीच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप होतं. फक्त ते बोलण्याचा हक्क माझ्याआधी तिचा होता.

"तूच सांग मग. काय करू?"

"दुरुस्त कर. पर सामान आणायला तू जायचं, आन् मशीन चालू झाल्याबिगर पुण्याची गाडी धरायची न्हाई. तवर पिळायचं काम तुझं."

बादलीत सोलापुरी चादर भिजत पडली होती. मी ती उचलली. दोन्ही हातांनी धरूनही पेलवेना. पिळायला लागलो तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं, बाही भिजली आणि चादर होती तितकीच जड राहिली.

"एकट्याचं काम न्हाई ते," म्हणत आईनं दुसरं टोक धरलं. "मी डावीकडं पिळते, तू उजवीकडं. आन् सोडू नको मधीच."