पावसाचे पाणी आणि आपले देणे



यहेज्केल संदेष्ट्याच्या ३४ व्या अध्यायातील मेंढपाळांना दिलेला दम आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकला आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे परमेश्वर मेंढपाळांना सोडून मेंढरांकडेच वळतो, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. तेथील तक्रार अगदी साधी आहे. धष्टपुष्ट मेंढरे आधी पाण्यावर पोहोचतात, नितळ पाणी पोटभर पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करून निघून जातात. मागून येणाऱ्या दुबळ्या मेंढरांच्या वाट्याला तोच गाळ येतो. पाणी पिण्याबद्दल परमेश्वर काही बोलत नाही. त्याचा राग पायांवर आहे.

शहराचे पाय म्हणजे त्याचे रस्ते आणि छपरे. उन्हाळाभर रस्त्यावर काय साचते ते पाहा. टायर झिजून पडलेल्या भुकटीत जस्त असते, ब्रेकच्या धुळीत तांबे असते. त्यात इंजिनातून ठिबकलेले तेल, कुत्र्यांची विष्ठा, बागेतले खत, विड्या-सिगारेटची थोटके मिसळतात. पहिली जोराची सर आली की हे सगळे धुऊन गटारात जाते. आपण म्हणतो, "बरे झाले, पावसाने रस्ता धुतला." धुतलेले पाणी कोठे गेले, असे विचारायला कोणी थांबत नाही.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात हा प्रश्न विचारला गेला. तेथे सांडपाण्याची वाहिनी वेगळी आणि पावसाळी पाण्याची वेगळी. पावसाळी पाणी कोणतीही प्रक्रिया न होता ओढ्यांत आणि तेथून पोर्ट फिलिप उपसागरात जाई. या उपसागराचा मोठा अभ्यास १९९६ साली पूर्ण झाला. त्यातून कळले की उपसागराच्या तळाचा चिखल नायट्रोजनचा मोठा भाग स्वतःच निकामी करत असतो, परंतु त्याच्या सोसण्याला मर्यादा आहे. तेव्हा वर्षाला १००० टन नायट्रोजन कमी करावा, अशी शिफारस झाली. पुढे १९९९ च्या मार्गदर्शिकेत नव्या वसाहतींसाठी उद्दिष्टे ठरली : पावसाळी पाण्यातला ८० टक्के गाळ, ४५ टक्के फॉस्फरस आणि ४५ टक्के नायट्रोजन अडवायचा. हे साधण्यासाठी शहरात जागोजागी पाणथळ तळी बांधली गेली. रॉयल पार्कमधले असे एक तळे २००६ साली तयार झाले. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ आहे बेलबर्ड पक्ष्याचा पाणवठा.

हे तळे काम कसे करते? गटाराचे पाणी प्रथम एका खोल खड्ड्यात येते. तेथे वेग मोडतो, वाळू आणि जड गाळ खाली बसतो. मग पाणी लव्हाळे व पाणकणसांनी भरलेल्या उथळ भागातून जाते. तेथे ते साधारण तीन दिवस रेंगाळावे, असा हिशोब असतो. बारीक माती हळूहळू खाली बसते आणि तिला चिकटलेले जस्त, तांबे, फॉस्फरसही तिच्याबरोबर बसतात. पुष्कळांना वाटते की वनस्पती ही घाण पिऊन टाकतात. थोडी पितात, हे खरे. पण त्यांचे मोठे काम पाण्याला अडवण्याचे आणि जागा देण्याचे आहे. पाण्याखालच्या प्रत्येक देठावर बुळबुळीत थर असतो. त्यातले सूक्ष्म जीव तेलाचे विघटन करतात. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो. तेथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायूरूपाने हवेत सोडून देतात. हवेत तो आधीच ७८ टक्के आहे, तेथे त्याचा कोणाला त्रास नाही. रोगजंतूंचा बराचसा समाचार ऊन घेते.

येथवर सर्व आनंदाचे आहे. पण जस्त आणि तांबे ही मूलद्रव्ये आहेत. कोणताही जिवाणू त्यांना नाहीसे करू शकत नाही. पाणी पुढे स्वच्छ जाते ते विष चिखलात मागे राहते म्हणून. काही वर्षांनी तो चिखल उपसावा लागतो, वाळवावा लागतो, तपासावा लागतो, आणि फारच दूषित निघाला तर खास जागी नेऊन पुरावा लागतो. म्हणजे तळ्याने काही घाण खरोखर संपवली आणि काही नुसती धरून ठेवली. याच यहेज्केलच्या ४७ व्या अध्यायात मंदिरातून निघालेली नदी समुद्राचे पाणी गोडे करते, तरीही दलदली मात्र तशाच, मिठासाठी राहतात. मिठागरांशेजारी वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचे नाही.

तळ्यालाही रहिवासी असतात. मेलबर्नमधील अशा तळ्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दूषित तळे आणि चांगले तळे यांतला फरक बेडकांना ओळखता येत नव्हता. त्यांनी दूषित तळ्यांतही अंडी घातली, पण तेथे बेडूकमासे कमी जगले. आपण पाणवठा म्हणून जे बांधले तो त्यांच्यासाठी सापळा ठरला. उपसागर वाचवण्यासाठी बेडकांनी किंमत मोजावी, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. अर्थात बांधलेले तळे नसते तर तेच विष ओढ्यात गेले असते, हेही तितकेच खरे. म्हणून मी तळ्यांच्या विरोधात नाही. त्यांच्याकडे पाहून आपल्याला जे समाधान वाटते, ते तपासावेसे वाटते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. मेलबर्नमध्ये आणखी एक व्यवस्था आहे. एखाद्या बांधकाम व्यावसायिकाला आपल्या जागेत ही उद्दिष्टे गाठता आली नाहीत, तर तो नायट्रोजनच्या किलोमागे ठरलेली रक्कम भरू शकतो. त्या पैशातून दुसरीकडे तळे बांधले जाते. हे ऐकून कॅथलिक माणसाच्या कानात घंटा वाजलीच पाहिजे. पैसे भरून दंडमाफी, म्हणजे इंडल्जन्स, मिळवण्याच्या व्यवहाराने १५१७ नंतर ख्रिस्तसभेची काय अवस्था झाली ते आपण जाणतो. पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये पैशाशी जोडलेली अशी सर्व दंडमाफी रद्द केली. मग हा तोच प्रकार नव्हे काय?

माझ्या मते तसा सरसकट नाही. उपसागराच्या दृष्टीने नायट्रोजनचा एक किलो या ओढ्यातून आला काय आणि त्या ओढ्यातून आला काय, सारखेच. उपसागराचे देणे दुसऱ्या ठिकाणाहून फेडता येते. पण त्या इमारतीच्या कुंपणालगत वाहणाऱ्या ओढ्याचे काय? त्याला जस्त मिळाले, तेल मिळाले, आणि भरपाई दहा मैलांवरच्या दुसऱ्या ओढ्याला मिळाली. जक्कयने ज्यांना लुबाडले होते, त्यांनाच चौपट परत करण्याचे वचन दिले. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची गोष्ट त्याने निराळी सांगितली. दान आणि परतफेड यांची त्याने गल्लत केली नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. १४५९) हेच शिकवतो : पापक्षमा मिळाली तरी पापाने झालेली हानी आपोआप भरून निघत नाही, ती भरून काढण्यासाठी शक्य ते करावेच लागते.

येथे एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. पाप कोठे झाले? स्कूटरवरून कामाला जाणाऱ्या माणसाने ब्रेक दाबला, कणभर तांबे रस्त्यावर पडले. त्याची पापनिवेदनात कबुली द्यायची काय? मुळीच नाही. पण देणे लागण्यासाठी दोष असावाच लागतो असे नाही, हे आपले नीतिशास्त्र फार पूर्वीपासून सांगत आले आहे. पावसाळ्यात रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पडवीतून एखादी व्यक्ती चुकून दुसऱ्याची काळी छत्री उचलते. घरी पोहोचून मुठीवरचे नाव वाचेपर्यंत तिच्याकडे काहीच दोष नाही. नाव वाचल्यावर मात्र छत्री परत करावीच लागते, आणि "मी मुद्दाम नेली नव्हती" हे उत्तर चालत नाही. रस्त्यांचा, गाड्यांचा, पक्क्या अंगणांचा लाभ आपण घेतो. त्याची किंमत खालच्या अंगाचा कोणी दुसरा मोजत होता, हे आजवर ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात श्रीमंत देशांचे गरीब देशांप्रती असलेले 'पर्यावरणीय ऋण' सांगितले. एकाच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या वस्तीलाही तो शब्द लागू पडतो.

वसईत मेलबर्नची नक्कल करता येईल काय, असे कोणी विचारेल. जपूनच. मेलबर्नमध्ये वर्षभरात साधारण ६५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिने विभागून. आपल्याकडे चार महिन्यांत त्याच्या तिप्पट आणि अधिक कोसळतो. अशा पुरात गाळ पुन्हा वर येऊ नये म्हणून त्या तळ्यांना बगल देणारी वाट ठेवलेली असते, आणि आपल्या जुलैतले बरेचसे पाणी त्या वाटेनेच जाईल. शिवाय आपली बावखळे या कामासाठी खोदलेली नव्हती. ती वाडीच्या शिंपणासाठी, गोड्या पाण्याची. त्यांचा आणि विहिरींचा झरा एकच. रस्त्याचे तेलकट पाणी बावखळात वळवले तर ते शेजाऱ्याच्या विहिरीत घातल्यासारखेच. उरलेली बावखळे बुजवू नयेत, हे खरेच. पण ती गटाराची धनी होणार नाहीत, हेही पाहिले पाहिजे. गाळणी लागेल ती रस्त्याच्या कडेला, बावखळाच्या अलीकडे.

तेव्हा आपल्याकडे भर पायांवरच द्यावा लागेल. गॅरेजचे जुने तेल गटारात न ओतता डब्यात जमवणे, पावसाआधी रस्ता झाडून कचरा उचलणे, अंगणात सरसकट लादी न बसवणे, ही कामे तळ्यापेक्षा स्वस्त आहेत आणि त्यांचा लाभ थेट खालच्या शेजाऱ्याला होतो. आपल्या चर्चच्या आवारातही रविवारी गाड्या उभ्या राहतात. त्या लादीवरचे पाणी मागच्या भिंतीच्या भोकातून पलीकडे जाते. तेथून ते कोणाच्या वाडीत शिरते आणि खाडीला कोठे मिळते, हे यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात चालत जाऊन पाहायचे आहे. मिस्सानंतर ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत.