लेखणी आणि उत्सव

संकटांतून सुटलेला मनुष्य त्या दिवशीं हर्षानें नाचतो. पण त्याच्या नातवानें कां नाचावें? यहुदी लोकांच्या पुरीम सणाचा विचार करूं लागलों म्हणजे हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो. एस्तेरच्या ग्रंथांत सारें कार्य लेखणी करते. हामानाची संहाराज्ञा राजमुद्रेनिशीं पत्रांतून प्रांतोप्रांतीं जाते. निद्राहीन राजापुढें बखर वाचली जाते आणि मर्दखयाचा विसरलेला उपकार उजेडांत येतो. शेवटीं मर्दखय व एस्तेर पत्रें धाडून अदार महिन्याचे १४ व १५ हे दिवस कायमचे नेमून देतात.

या कथेच्या ऐतिहासिकतेविषयीं विद्वानांस शंका आहे. सण मात्र टिकला. कारण, आनंद नुसत्या आठवणीवर न सोडतां पत्रांनीं त्याला कर्तव्याचें रूप दिलें, आणि त्या कर्तव्यांत गरिबांस दान देणेंही घातलें.

तथापि हिब्रू ग्रंथांत ७५,००० वैरी मारल्याचीही नोंद आहे. ती पुसावी काय? आमच्या मतें नाहीं. जो लेख आपली सुटकाच तेवढी सांगतो, तो केवळ स्तुतिपाठ होय. दुसऱ्याचें रक्तही जो लपवीत नाहीं, तोच वाचणाऱ्याचा विवेक जागा ठेवतो.