यंत्राची खोड कोणी सांगावी?

एका माळकरी बागाईतदारांनी विचारले, "महाराज, यंत्रावर राग आला तर तो क्रोधात धरावा का?" त्यांच्याकडे गवत कापायचे पेट्रोलचे यंत्र आहे, खांद्याला पट्टा अडकवून चालवतात ते. श्रावणात गवत गुडघ्याला लागते आणि नेमके तेव्हाच ते रुसते. दोरी ओढून ओढून दंड भरून येतो. एखाद्या दिवशी पहिल्या ओढीला सुरू होते आणि अर्ध्या बांधावर बंद पडते.

क्रोधात धरावाच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश असा क्रम सांगितला आहे. समोर सजीव असेल तरच हा क्रम लागतो, असे तेथे म्हटलेले नाही. चिडलेला माणूस पात्यात अडकलेले गवत काढायला प्लगची टोपी न काढताच हात घालतो. बुद्धिनाश याहून निराळा काय असतो?

यंत्राला मात्र लबाड म्हणू नये. ते जड आहे. त्यात पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून घालावे लागते. तेच मिश्रण टाकीत महिनोन्‌महिने राहिले की चिकट होते आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते. प्लगवर काजळी धरते, फिल्टरमध्ये धूळ बसते. कारण तसे कार्य. यात रुसवा कसला आणि फसवणूक कसली!

पण त्या गृहस्थांनी जे विचारले नाही, तेच मला मोठे वाटते. ते यंत्र चालवतो कोण? गडी. आणि काम दिले आहे उक्ते. म्हणजे यंत्र तासभर बंद राहिले की तो तास मालकाचा जात नाही, गड्याचा जातो. मालक बांधावर उभा राहून यंत्राला शिव्या देतो, पण नुकसान दुसऱ्याच्याच पदरात पडलेले असते. त्यातून कधी सोडलेला खटका परत येत नाही, म्हणजे बोट काढले तरी पाते फिरतच राहते. ही खोड मालकाला ठाऊक असते आणि नव्या गड्याला नसते.

कोणी म्हणेल, "तो रोज अशी यंत्रे वापरतो, त्याला कळेलच." हा पूर्वपक्ष टिकत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणला सावतोबांनी मळा केला. त्या काळचे खुरपे घ्या, मोटेचा दोर घ्या. मूठ हलली तर हाताला कळते, दोर विरला तर डोळ्यांना दिसतो. हत्यार आपली खोड स्वतःच सांगत असे, मालक बोलो वा न बोलो. यंत्राची खोड झाकणाच्या आत असते. ती ज्याने चार वेळा सोसली त्यालाच माहीत. म्हणून जिथे डोळा पोचत नाही तिथे मालकाचा शब्द पोचला पाहिजे. तो गप्प राहिला तर खोटे काही बोलला नाही, हे खरे. पण सत्याचे व्रत म्हणजे नुसते खोटे न बोलणे, असे मी तरी कीर्तनात कधी सांगितले नाही.

विकतानाही हेच. गिऱ्हाईक आले की टाकीत ताजे मिश्रण घालायचे, इंजिन आधीच तापवून ठेवायचे आणि एका ओढीत सुरू करून दाखवायचे, ही रीत सर्रास चालते. याहून मला खटकते ते दान. घरात नकोसे झालेले यंत्र मठाला किंवा धर्मशाळेला देऊन पावती घ्यायची. तिथे आषाढीच्या आधी आवारातले गवत काढायला कोण येतो? सेवा म्हणून आलेला कोवळा पोर. त्याच्या हातात आपण काय दिले? आणि तो तर तक्रारही करणार नाही, कारण सेवेत तक्रार करू नये हे आपणच त्याला शिकवले आहे.

द्यायचेच असेल तर आधी दुरुस्त करून द्यावे. तेवढी ऐपत नसेल तर दांड्याला एक पुठ्ठा बांधावा आणि ठळक लिहावे: खटका अडकतो, पाते थांबत नाही, दुरुस्तीशिवाय चालवू नये. आणि उक्त्या गड्याचा जितका वेळ दोरी ओढण्यात गेला, तितक्याचे पैसे त्याने मागण्याआधी त्याच्या हातावर ठेवावेत.