वय झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

सकाळी साडेसहाला चेंबूरच्या आमच्या घरात कुकरची पहिली शिट्टी होते, तेव्हा माझा वर्ग भरतो. तिकडे कॅलिफोर्नियात अजून कालचीच संध्याकाळ असते. विमा कंपनीत २६ वर्षं काढून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चौपन्नाव्या वर्षी वार्धक्यशास्त्राच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. सोसायटीतली एक मैत्रीण म्हणाली, "म्हातारपण शिकायला फी कशाला भरतेस? ते फुकट येतंच की."

तिला उत्तर द्यायला मला पहिलं सत्र लागलं. बेंजामिन गोम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ मध्ये दाखवून दिलं होतं की, प्रौढ वयात मरणाची शक्यता दर ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. आजच्या हिशेबाने साधारण आठ वर्षांनी. मी स्क्रीनकडे बघतच राहिले. पस्तिशीतल्या माणसापेक्षा पंचेचाळिशीतल्याचा हप्ता एवढा का चढतो, असं ग्राहकाने विचारलं की मी सांगायचे, "टेबलच तसं आहे साहेब." त्या टेबलाच्या मुळाशी कोण आहे, हे २६ वर्षांत मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

गोम्पर्ट्झने 'किती' ते सांगितलं, 'का' ते नाही. 'का'च्या वाटेवरचं मला सर्वांत पटलेलं पाऊल जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावरचं, त्याच्या १९५१ च्या लंडनमधल्या व्याख्यानातलं. त्याने उदाहरण घेतलं प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांचं. मला घरच्या कपबशा आठवल्या. कप म्हातारा होत नाही, तरी बारा कपांच्या सेटातले दहा वर्षांनी दोनच उरतात, कारण कप हातातून पडतात. आता समजा, पंधराव्या वर्षी कान तुटेल असा दोष कपांत आधीपासूनच आहे. तो लक्षात येणार कुणाच्या? तोवर कपच उरलेले नसतात. रानातल्या प्राण्यांचंही तसंच. उपासमार, रोग, वाघ यांतून उतारवयापर्यंत फार थोडे पोचतात, तोवर पिल्लं होऊन गेलेली असतात, आणि उशिरा उगवणारे दोष निसर्गाच्या चाळणीत अडकतच नाहीत. म्हणजे म्हातारपण ही निसर्गाने काढलेली आज्ञा नव्हे. तिथे त्याचं लक्षच गेलं नाही. हे वाचून मला का कोण जाणे, बरं वाटलं. आज्ञेपुढे मान तुकवावी लागते. दुर्लक्ष झालं असेल तर निदान आपण तरी बघू शकतो.

आणि बघायचंच तर आम्ही घरात टाळत होतो. आपल्याकडे 'वय झालं' हे निदान म्हणून चालतं. गुडघा दुखतो, वय झालं. नावं आठवत नाहीत, वय झालं. या दोन शब्दांनंतर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं त्यांचा खरा उपयोग तोच आहे. म्हाताऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नाही, सुटका होते ती बाकीच्यांची. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गुरुवारचं भजनी मंडळ सोडलं. जेवताना गप्प बसू लागल्या, विचारलेल्याला भलतंच उत्तर देऊ लागल्या. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, वय झालं आता तिचं." मीही हो म्हटलं.

मग अभ्यासात कानांचा आठवडा आला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ मध्ये ज्यांच्यावर काही उपाय करता येतो अशी १४ कारणं मोजली आहेत, आणि ती सगळी दूर झाली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल असा अंदाज दिला आहे. त्यांत ऐकू कमी येणं आहे. मी सासूबाईंना कान तपासायला नेलं. दोन्ही कान अर्धेअधिक गेलेले निघाले. भजनात ताल चुकतो, शेजारणी हसतात, म्हणून त्यांनी जाणं सोडलं होतं. आता यंत्र आहे. ते त्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवतात, कारण कुकरची शिट्टी डोक्यात जाते म्हणे; गुरुवारी मात्र आठवणीने लावतात. माझ्या गोष्टीत चमत्कार एवढाच.

अभ्यासक्रमातल्या सगळ्याच गोष्टी मला पचल्या असं नाही. क्लीव्हलँडच्या सिडनी कॅट्झने १९६३ मध्ये सहा कामांची यादी केली: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणं. खुब्याचं हाड मोडलेले वृद्ध बरे होताना ही कामं ज्या क्रमाने परत मिळवतात, तो क्रम लहान मूल ती शिकतं त्या क्रमासारखाच असतो, असं त्याच्या लक्षात आलं; हातून जातातही ती साधारण उलट्या क्रमाने. म्हणजे 'दुसरं बालपण' हे आपलं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. पण इथेच मी अडते. बाळ पहिल्यांदा आपल्या हाताने भात तोंडात घालतं तेव्हा सगळं घर टाळ्या वाजवतं. तोच भात थरथरत्या हातातून सांडला की आपण म्हणतो, "राहू द्या आई, मी भरवते." आणि हाताची उरलीसुरली सवयही जाते.

पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी आणखी आठ कामं घातली: फोन, खरेदी, औषधं, पैशांचा व्यवहार वगैरे. गंमत अशी की स्वयंपाक, घरकाम आणि धुणं या तीन कामांचे गुण सुरुवातीला पुरुषांना लावतच नसत. बायकांचा पेपर आठाचा, पुरुषांचा पाचाचा. माझ्या सासऱ्यांनी हयातीत कधी चहा केला नाही; शास्त्राच्या लेखी ते त्या विषयात कधी नापास झालेच नाहीत.

दुसऱ्या सत्रात भारताची आकडेवारी आली. ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक लोकांची २०१७-१८ मधली पाहणी. हाताची पकड, चार मीटर चालायला लागणारा वेळ, दहा शब्द ऐकवून त्यांतले किती आठवतात ते. हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या जोडीने ती केली आहे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, म्हणजे देवनारला, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. माझ्या शेजारची माहिती मला पॅसिफिक महासागराला वळसा घालून मिळाली.

अलीकडे वयाची घड्याळंही निघाली आहेत. स्टीव्ह होर्वाथने २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांचे रासायनिक ठसे वाचून वय सांगणारं सूत्र मांडलं. संशोधनाला त्याचा मोठा उपयोग आहे. पण वर्गातली तरुण मुलं आपलं 'खरं वय' काढून आणायची भाषा करतात, तेव्हा मला नणंदेचा फोन आठवतो. आकडा असो की 'वय झालं' असो, दोन्हींनी विचारणं संपतं.

सत्राच्या शेवटी एका वृद्ध व्यक्तीची मुलाखत लिहायची होती. मी सासूबाईंनाच धरलं. संमतीच्या कागदावर त्यांनी चष्मा लावून, अक्षर न् अक्षर वाचून सही केली. बालपण, लग्न, गिरणीच्या संपाचं वर्ष, असं सगळं झाल्यावर मी छापील यादीतला अकरावा प्रश्न विचारला, "आई, आपण म्हातारे झालो असं तुम्हाला कधी वाटायला लागलं?"

त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. म्हणाल्या, "डॉक्टर माझ्याऐवजी तुझ्याकडे बघून बोलायला लागले, त्या दिवशी."

तो दिवस मला आठवतो. शेजारच्या खुर्चीत बसून डॉक्टरांना सगळी उत्तरं मीच देत होते.