सहल आणि स्मरण

फ्रीमाँटहून कोणी सुटीत ग्रीसला गेले की आज हे बेट, उद्या ते, अशी मजेत भ्रमंती होते. त्यात गैर काही नाही. परंतु ऱ्होड्स बेटावर एक प्रश्न उभा राहतो. तेथील काहाल शालोम हे प्रार्थनामंदिर १५७७ सालचे. जुलै १९४४ मध्ये नाझींनी तेथील यहुदी बांधवांना बोटींत कोंबून नेले व पुढे आउश्वित्झला धाडले. वाचले फार थोडे. मग त्याच पाण्यात आपण आनंदाने पोहावे काय?

माझ्या मते पोहावे. आपण सुख टाळल्याने मृतांचे दुःख कमी होत नाही. त्यांची आठवणही न काढता परतणे हा मात्र अन्याय होय. नवगावला गेलो की आपण फुटलेल्या गलबतातील पूर्वजांच्या दफनभूमीपाशी थांबतो, तसेच ऱ्होड्सच्या यहुदी हुतात्मा चौकातील स्मारकापाशी घटकाभर थांबावे, मुलांना सांगावे आणि मग खुशाल पुढचे बेट गाठावे.