ओट्याएवढा घोडा

आपल्या स्वयंपाकघरातला ओटा जमिनीपासून किती उंच असतो? बत्तीस, तेहतीस, फार तर चौतीस इंच. तेवढ्याच उंचीचा घोडा असतो, आणि तो शिंगरू नव्हे, पुरता वाढलेला घोडा. मिनिएचर हॉर्स म्हणतात त्याला. अमेरिकेत १९७८ मध्ये या घोड्यांची संघटना निघाली. तिने मापच घालून दिलं: आयाळ जिथं संपते तिथं पट्टी लावायची, आणि आकडा ३४ इंचांच्या वर जाता कामा नये.

माझी भाची तिकडेच असते. घराला लागून थोडी मोकळी जमीन आहे, आणि आठ वर्षांच्या लेकीने घोड्यासाठी घर डोक्यावर घेतलेलं. शेवटी एक घोडी आली. तांबूस, गुबगुबीत, डोळ्यांवर झिपऱ्या. नाव ठेवलं वेलची. आणि पहिल्याच दिवशी पोरीचा हिरमोड झाला, कारण हिच्यावर बसायचं नाही! वेलची जेमतेम नव्वद किलोची. आठ वर्षांच्या मुलीचं ओझं तिच्या पाठीला जास्तच. दोरी धरून फिरवायचं, खरारा करायचा, पुढे शिकलीच तर एखादी छोटी गाडी ओढेल.

इंग्लंडची राणी एलिझाबेथ चार वर्षांची असताना तिला आजोबांनी, म्हणजे पंचम जॉर्ज यांनी, पेगी नावाची शेटलंड जातीची घोडी दिली होती. पण राजवाड्यात पागा होती, हाताखाली मोतद्दार होते. साध्या घरात मोतद्दार म्हणजे आपणच.

नवी घोडी घरी आली की सगळ्यांना तिच्या गळ्यात पडायचं असतं. तिला मात्र त्या वेळी माणसं नको असतात. जागा नवी, वास नवे, कळप सुटलेला. पहिले काही दिवस पोरीने कुंपणाशी नुसतं बसून राहायचं, घोडी आपणहून जवळ आली तर येऊ द्यायची. समोरून थेट तोंडाशी जायचं नाही. घोड्याचे डोळे बाजूला असतात, नाकासमोरचं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही; चौतीस इंची घोड्याची लाथही लाथच असते. शिवाय घोडा एकटा राहत नाही, झुरतो. म्हणून वेलचीसोबत तिच्याच मापाचा एक म्हातारा घोडाही आणावा लागला. हट्ट एकाचा, खर्च दोघांचा.

खरं घोडं पेंड खातं ते खाण्यापाशी.

या घोड्यांच्या रक्तात शेटलंडचा मोठा वाटा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेची ती बेटं. वारा, थंडी आणि खुरटं गवत. तिथं काडी काडी अंगी लावून जगलेल्या घोड्याला हिरव्यागार कुरणात सोडलं, की तेच गवत त्याच्या जिवावर उठतं. खुराचं नख आणि आतलं हाड यांना जोडणारा थर सुजतो. खुराला हात लावला तर गरम लागतो, आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन अवघडून उभा राहतो. पोट बिघडलं तर आणखी पंचाईत, कारण घोड्याला ओकारी होत नाही. आत गेलेलं उलटून बाहेर पडत नाही. बरं, उपाशी ठेवावं म्हटलं तर तेही चालत नाही. जाडजूड छोटा घोडा एकदम उपाशी पडला की अंगातली चरबी रक्तात उतरते, आणि तेही प्राणावर बेततं. म्हणजे रोज थोडं, पण रोज. वेलचीला दिवसाला दीड किलो सुकं गवत, काट्यावर तोलून. कुरणात सोडताना तोंडाला मुसकं. आपण औताच्या बैलांना बांधतो तसलंच, फक्त खाली लहानसं भोक असलेलं, त्यातून चार काड्या मिळाव्यात एवढं.

गेल्या वर्षी माझी थोरली बहीण, म्हणजे या पोरीची आजी, तिकडे गेली. आपल्याकडे माया ताटातून पोचते. ताईने ते मुसकं पाहिलं आणि तिच्या पोटात कालवलं. दुसऱ्या दिवशी पदराआड गुळाचा खडा घेऊन ती कुंपणाशी. नातीने पाहिलं.

“आजी, तिला गूळ नको देऊस.”

“अगं, एवढासा तर आहे.”

“तीपण एवढीशीच आहे.”

मग नातीने आजीचा हात धरून वेलचीच्या कुशीवर ठेवला. थंडीची लव बोटबोट वाढलेली. वरून पाहिलं तर घोडी जाड की रोड, काही कळत नाही. बोटं त्या केसांत खोल घालून बरगड्या चाचपायच्या. लागल्या तर ठीक. ताईला लागल्याच नाहीत. तिने गूळ स्वतःच खाल्ला, आणि मुक्काम संपेपर्यंत गवत तोलायचं काम मागून घेतलं. हात सैल सोडायची सवय जाता जात नाही म्हणा, पण काटा बघायला नात शेजारीच उभी असायची.

मला यात मुलीचं फार कौतुक वाटतं. आवडत्या जिवाला नाही म्हणणं मोठ्यांनाही जड जातं, आणि इथं तर तो जीव रोज पहाटे खिंकाळून मागत असतो. पहिल्या महिन्यात ती मुसकं बांधताना रडायची, असं भाची सांगते. आता बांधते आणि मानेखाली खाजवते. ते वेलचीला गाजराइतकंच आवडतं.

बाकी कामं आहेतच. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायला माणूस येतो, वर्षातून एकदा दात तपासायचे, धनुर्वाताची लस, आणि मोकाट कुत्री कुंपणाच्या आत येणार नाहीत एवढी तजवीज. पण खरा हिशोब वर्षांचा आहे. हे घोडे तीस-तीस वर्षं जगतात. वेलची आज पाच वर्षांची. मुलगी कॉलेजसाठी घर सोडेल तेव्हा ती ऐन भरात असेल. पुष्कळ घरांत हा हिशोब घोडा आणल्यावर मांडतात. भाचीने आधी मांडला होता, कागदावर. त्या कागदावर मुलीनंतरचं नाव भाचीच्या नवऱ्याचं आहे, ज्याचा घोडी आणायला शेवटपर्यंत विरोध होता.